गादीवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

आमचा पहिला रॅप अल्बम आला. आठ गाणी, दोघांचे आवाज. आभाराच्या यादीत माझं नाव घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून घातलं नाही. पण गप्प बसवेना. म्हणून नाव न घेता, सगळ्यांसमोर हे पत्र.

इचलकरंजीत शांत खोली शोधणं म्हणजे काय, ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. आमच्या दोघांच्याही घराला खेटून माग. खटखट थांबते ती पाळी बदलताना नाहीतर वीज गेल्यावर. आम्ही बाहेरगावच्या एका स्टुडिओत दोन गाणी केली. तिथं तासावर पैसे, त्यामुळं डोळे सारखे घड्याळाकडं आणि कडव्याच्या शेवटाला श्वास तुटायचा. साठवलेलं सगळं त्यातच गेलं.

त्याच आठवड्यात आईची गादी उसवून कापूस पिंजून घ्यायला तुमच्याकडं आलो. भाव विचारला आणि माझाच आवाज मला निराळा लागला. कोरडा, अगदी कानाशी. मागं घुमारा नावाला नाही. तीन भिंतींना उभ्या गाद्या, माळ्यावर कापसाचे गठ्ठे, दारात रजयांची चळत. स्टुडिओवाले भिंतींना जे महागडं फोम लावतात, त्याचं काम तुमचा कापूस फुकट करत होता. तुम्हाला विचारायचा धीर व्हायला मला आठ दिवस लागले. तुम्ही मात्र ‘दिवा मालवून जावा’ एवढंच म्हणालात आणि किल्ली हातावर ठेवलीत.

पावसाळा होता. कापूस दमट, तुमचं काम मंद, म्हणून रात्री दुकान आमचं. गाद्या आतला घुमारा खातात, बाहेरचा आवाज काही अडवत नाहीत. पत्र्यावर सर आली की थांबायचं, ओसरली की पुन्हा पहिल्यापासून. पंख्याची घरघर माईक उचलायचा, म्हणून पंखा बंद. घामानं कागद हाताला चिकटायचे. पण कुणी घड्याळ दाखवत नव्हतं. एका कडव्याचे आम्ही एकतीस टेक घेतले ते तिथंच.

आणि ती तिसरी रात्र. आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. रॅप म्हणजे जोर, हे डोक्यात पक्कं. तुम्ही शटर अर्धं वर केलंत, वाकून आत आलात आणि म्हणालात, ‘अरं, वरडता कशाला? शेजारी बारकी पोरं झोपल्याती. माईक तोंडाशीच हाय की.’

तुम्ही गेल्यावर आम्ही तेच कडवं बोलल्यासारखं म्हटलं. ऐकलं आणि दोघंही गप्प. ओरडण्याखाली दबलेली आतली यमकं आता एकेक सुटी ऐकू येत होती.

चाचा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. न्यूयॉर्कमध्ये एरिक बी. आणि राकीम अशी एक जोडी होती. १९८६ मध्ये त्यांनी पहिलं गाणं केलं ते क्वीन्सब्रिजच्या वसाहतीत, मार्ली मार्ल या निर्मात्याच्या घरच्या स्टुडिओत. राकीम अठरा वर्षांचा. तेव्हाचे बहुतेक रॅपर सभा जिंकल्यासारखे गर्जायचे, आणि हा पोरगा शांतपणे, जवळ बसून सांगितल्यासारखा म्हणत होता. जरा जोर लाव, असं तिथं त्याला सांगूनही पाहिलं. तो बदलला नाही. पुढच्या वर्षी, जुलै १९८७ मध्ये, त्यांचा पहिला अल्बम ‘पेड इन फुल’ आला आणि रॅप लिहायची रीतच पालटली. राकीम सॅक्सोफोन वाजवायचा, जॉन कोल्ट्रेन हा जॅझचा सॅक्सोफोनवाला ऐकायचा. त्यामुळं त्याचं वाक्य ओळीच्या टोकाला थांबत नाही, पुढच्या ओळीत उतरतं, आणि यमक शेवटाची वाट न बघता मधेच भेटतं. हा अल्बम आम्ही कित्येक वर्षं ऐकत होतो. त्यातला शांतपणा मात्र तुम्ही टोकल्यावर कळला. त्या रात्री आधीची दोन्ही गाणी आम्ही टाकून दिली. स्टुडिओचे पैसे गेले त्याचं दुःख नाही.

त्या अल्बमच्या शीर्षकगीताचे ड्रम सोल सर्चर्स या बँडच्या १९७४ च्या रेकॉर्डवरून घेतलेत. जुन्यातला एक तुकडा उचलायचा, त्याचीच आवर्तनं करायची आणि वर नवं बोलायचं, ही या कलेची मुळातली पद्धत. आमच्याकडं जुनी रेकॉर्ड नव्हती. तुमच्या भिंतीवर तुमच्या अब्बांची पिंजायची धनुकली होती. मशीन आल्यापासून ती खुंटीवरच. तुम्ही ती उतरवलीत, फडक्यानं पुसलीत, तात ताणून बघितलीत आणि लाकडी ठोकण्यानं मारलीत. धुंss. मग दोनदा लागोपाठ. तुमचं मनगट वळलं ते मी कधी विसरणार नाही. इतक्या वर्षांनीही हाताला लय पाठ होती. पाचव्या गाण्याचा बेस म्हणजे तोच आवाज, दोन पट्ट्या खाली उतरवलेला. लोक विचारतात, हे कुठलं वाद्य? आम्ही सांगतो, पिंजाऱ्याचं.

भाडं द्यायला आलो तेव्हा तुम्ही गल्ल्याकडं बघितलंही नाही. ‘लग्नं ठरली की गाद्या माझ्याकडनंच घ्या,’ म्हणालात. घेणारच. सध्या तुमचे आभार मानतो, मनापासून, दोघंही.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला येतो. स्पीकर आणतो. आठही गाणी तुमच्यासोबत, गाद्यांवर बसून ऐकायची आहेत. या खेपेला पंखा चालू राहू दे.

तुमची रात्रीची दोन पोरं