वहीतली वाट

खानापूर

चि. रेवती,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, "बाबा, गंगोत्रीच्या ट्रेकसाठी तुमची वही सॅकमध्ये घातलीय." आधी फार बरं वाटलं, मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून सकाळीच लिहायला बसलो. पोरी, त्या वहीतल्या वाटेनं जाऊ नकोस.

ती वही 1996 च्या जूनमधली. गंगोत्रीहून गोमुख, म्हणजे हिमनदीचं मुख जिथून भागीरथी निघते, अठरा किलोमीटर. तिथं हिमनदीवर चढून पलीकडं जायचं, मग आकाशगंगा नावाच्या ओढ्याच्या कडेनं तपोवन या वरच्या कुरणाचा उभा चढ. पेन्सिलीनं बाण काढलाय आणि बाणापाशी मी 'सोपं' असं लिहिलंय. तो शब्द आधी खोड.

आपल्याकडं बांधावरची वहिवाट आजोबांनी दाखवली तीच नातवाला पुरते. हिमनदीचं तसं नाही. गंगोत्री हिमनदीचं मुख 1935 पासून दीड किलोमीटरहून जास्त मागं गेलंय. वर्षाला साधारण वीस मीटर धरलं, तर मी मुखाच्या ज्या निळसर बर्फाच्या कमानीसमोर उभा होतो ती जागा आता अर्धा किलोमीटर मोकळी पडली असेल. मुखाजवळचा बर्फ कोसळत असतो. गोमुखाच्या अलीकडच्या भोजबासा या मुक्कामालाच दोरावरच्या ट्रॉलीनं भागीरथी ओलांडून पलीकडच्या काठानं वर जाणारे आता पुष्कळ आहेत. तुमचा गाइड म्हणेल ती वाट धरा. "माझ्या बाबांनी सांगितलंय" हे तिथं बोलू नकोस.

दगडांचं मात्र नीट ऐक. कड्यातले दगड बर्फानं धरून ठेवलेले असतात. ऊन चढलं की ती पकड सुटते. आमच्या वेळी दहाच्या सुमारास आधी बारीक खडी सळसळली, कुणी सुपात तांदूळ पाखडावेत तशी. मागोमाग ताटाएवढा दगड माझ्या पुढच्या माणसाच्या बुटाला घासून गेला. आता पूर्वीपेक्षा गरम होतंय, त्यामुळं हे अवघड टप्पे पहाटेच पार करा. 2022 च्या जुलैत इटलीत मार्मोलादा हिमनदीचा तुकडा तुटला आणि 11 माणसं गेली. तीसुद्धा लोकांच्या रोजच्या जाण्या-येण्यातलीच जागा होती.

वरून नुसती दगडमाती दिसली म्हणून जमीन समजू नकोस, खाली बर्फ असतो. मातीचा पातळ थर ऊन ओढून तो लवकर वितळवतो. जाड थर असेल तर बर्फ झाकून राहतो, आणि म्हणूनच फसायला होतं. काठी टेकून बघितल्याशिवाय पाय टाकू नकोस.

कणकुंबीला पाऊस लागला की आपली मलप्रभा भरते, म्हणून नदी आटण्याचं भय आपण पावसापुरतंच ओळखतो. गोमुखापाशी मी हिमनदी वितळून आलेलं ओंजळभर पाणी प्यालो, बोटं बधिर झाली, आणि हे असंच कायम राहणार असं धरून चाललो. तेच आज मनाला लागतंय.

वहीची शेवटची सहा पानं कोरी आहेत. तू पाहिलेली वाट त्यावर काढ, मुख कुठल्या खडकासमोर होतं ते लिही, तारीख घाल. गंगोत्रीला उतरलीस की आईला आधी फोन कर.

तुझा,
बाबा