ओला नमुना आणि 48 तास : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

डीएनए नमुने गोळा केल्यापासून 48 तासांत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये बजावले. हे हवेच होते. पण आषाढात कोकणात दोरीवरचा टॉवेलसुद्धा तीन दिवस वाळत नाही. तिथे रक्ताने भिजलेली चादर 48 तास गाठायच्या घाईत ओलीच बांधली जाईल, तीही प्लास्टिकच्या पिशवीत, ही आमची भीती.

ओल्या डागात जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांची विकरे (एन्झाइम) डीएनएचे तुकडे पाडतात. एसटीआर चाचणीत, म्हणजे डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या क्रमांवरून व्यक्ती ओळखण्याच्या चाचणीत, साधारण 100 ते 450 बेस-जोड्यांचे (डीएनएच्या लांबीचे एकक) तुकडे मोजतात. त्यातले लांब आधी नाहीसे होतात. मग आलेख डावीकडे (लहान तुकड्यांच्या बाजूला) उंच आणि उजवीकडे सपाट येतो, आणि सीए (रासायनिक विश्लेषक) अहवालात ‘अपूर्ण प्रोफाइल’ असा शेरा पडतो. चाचणीला एक नॅनोग्राम, म्हणजे दीडशेच्या आसपास पेशींतला डीएनए पुरतो. चादरीवर तो हवा तेवढा होता, पिशवीत कुजला.

आणि एकदा सील केलेले पाकीट खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. म्हणजे वाळवायचे ते सील करण्याआधीच. उन्हात नाही (अतिनील किरणांनी डीएनए बिघडतो), हेअर ड्रायरने तर नाहीच. बंद खोली, आर्द्रता शोषणारे यंत्र, खाली कोरा कागद, कपड्यावर थेट झोत न येणारा पंखा. पीडित आणि आरोपीचे कपडे एका खोलीत कधीच नकोत. वाळल्यावर प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात. रक्त मात्र ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणारे रसायन) जांभळ्या झाकणाच्या नळीत, 4 अंशांवर, गोठवू नये.

वीर्य ओळखण्यासाठी त्यातले पीएसए हे प्रथिन दाखवणारी चाचणी-पट्टी वापरतात. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या, शुक्राणू नसलेल्या डागातही ती उपयोगी पडते. पण डागाचा अर्क फार दाट असेल तर रेघ उमटतच नाही. पातळ करून पुन्हा तपासावा लागतो. शिवाय रेघ उमटली म्हणजे डाग वीर्याचा असावा एवढेच कळते. तो कोणाचा, हे डीएनएच सांगणार. आरोपपत्र लिहिताना ही गल्लत होऊ नये.

किनाऱ्यावर लागणाऱ्या अनोळखी मृतदेहांचे वेगळे. लिंगओळखीसाठी अमेलोजेनिन जनुक पाहतात. काही भारतीय पुरुषांत त्याचा वाय-गुणसूत्रावरचा भाग नसतो आणि अहवालात पुरुषाची स्त्री होते. म्हणून वाय-एसटीआर (फक्त वाय-गुणसूत्राची एसटीआर चाचणी) जोडीला हवेच. डीएनए संपला तरी त्याच जनुकाचे प्रथिन दाताच्या इनॅमलमध्ये टिकते आणि वस्तुमान-वर्णपटमापकावर (मास स्पेक्ट्रोमीटर) वाचता येते. तेव्हा न किडलेली दाढ आणि मांडीच्या हाडाचा तुकडा राखून ठेवावा. फॉर्मेलिनमध्ये काहीही घालू नये; त्यातून डीएनए नीट निघत नाही.

मागणी मोठी नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातील प्रत्येक उपविभागाला एक वाळवणी कपाट द्या. उशिराचे कारण नोंदवण्याची मुभा न्यायालयाने दिलेलीच आहे. ‘नमुना वाळवत होतो’ हे कारण ग्राह्य धरावे, असे परिपत्रक काढा. आणि नमुन्यांच्या ताबा-नोंदवहीत दोन रकाने वाढवा : वाळत कधी घातला, सील किती वाजता केला.

कळावे,
न्यायवैद्यक आणि डीएनए तपासणीच्या कामातील काहीजण