बाबा, डॉक्टरांना खरं सांगा

पुणे, १० डिसेंबर

ती. आई-बाबांस सा. न.

बाबांचं बीपी १६४-९८ आलं, हे आई परवा फोनवर बोलता बोलता सांगून गेली. डॉक्टरांनी "सध्या काय करता?" विचारल्यावर बाबा म्हणाले, "रिटायर आहे, घरीच असतो." बाबा, घरी कुठे असता? बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या मोजायला दिवसातून आठ-दहा वेळा आत जाता. आई, तू तिथेच बोलायला हवं होतंस.

गारठ्यात अंगातली ऊब राखायला शरीर कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. रक्त तेवढंच, वाट अरुंद. हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि बीपी चढतं. वयानं रक्तवाहिन्या कडक झाल्या की जास्तच. सोलापुरात कसली आलीय थंडी, असं मलाही वाटायचं. पण बाबांची थंडी बारमाही आहे, मे महिन्यात बाहेर ४२ अंश असले तरी. आत जाण्याआधी तुम्ही तंबाखूची चिमूट लावता, तीही रक्तवाहिन्या आवळतेच.

तिथून आल्यावर सारखं लघवीला होतं म्हणून पाणी कमी पिता म्हणे. गारठ्यात तसं होतं. पाणी तोडू नका. आणि सर्दी झाली की नाक मोकळं करायची गोळी परस्पर मेडिकलमधून आणू नका, तसल्या काही गोळ्यांनी बीपी वाढतं.

काम सोडा असं मी म्हणत नाही. रिकामं बसणं तुम्हाला किती जड जातं, ते मी पाहिलंय. पण नुसत्या शर्टावर आत जायचं नाही. मालक देत नाहीत, तर जाड जॅकेट, कानटोपी आणि हातमोजे मी पाठवतेय. नुसते हात नि चेहरा गार पडला तरी बीपी चढतं. पेटी उचलू नका, मोजणं तेवढं तुमचं काम.

घरी आल्या आल्या बीपी मोजू नका. अंग उबदार होऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, मग मोजा. आई, कामाच्या दिवसाचं आणि सुट्टीच्या दिवसाचं वहीत वेगवेगळं लिही. गोळीचं कमी-जास्त त्यावरून डॉक्टरच ठरवतील, बाबांनी मनानं काही करायचं नाही. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर मात्र वही-बिही राहू दे, तडक दवाखाना गाठा.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी मी येतेय. नंदीध्वज बघायला जायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आई. आपण तिघंही जाऊ.

तुमची,
लेक