बायकोच्या व्यवसायानंतर घरचा रिफंड कुठे गेला, हे उलगडून सांगणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

भारतात नवऱ्याचं पॅन वेगळं, बायकोचं वेगळं आणि रिटर्नही ज्याचं त्याचं. अमेरिकेत मात्र बहुतेक जोडपी एकत्र रिटर्न भरतात. एकाची नोकरी असेल आणि दुसऱ्याने घरून काही सुरू केलं, तर पहिल्याच एप्रिलमध्ये धक्का बसतो: दरवर्षी रिफंड यायचा, यंदा उलट चेक लिहावा लागतोय. न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांमध्ये याचं ठरलेलं स्पष्टीकरण असायचं, ‘तिच्या कमाईमुळे आपण वरच्या स्लॅबमध्ये गेलो.’ काही घरांत तर या समजापोटी चांगला चाललेला व्यवसाय बंद करण्याची भाषा सुरू झाली होती. तुम्ही सॉफ्टवेअर बाजूला ठेवून कागदावर हिशेब मांडलात आणि हा समज मोडून काढलात. त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने हे आभार. पत्र मुद्दाम उघड लिहितो आहोत, म्हणजे तुमचा हिशेब तुमच्यापर्यंत न पोहोचलेल्या घरांनाही मिळेल.

तुमचं उदाहरण २०२५ सालचं होतं. नवऱ्याचा पगार १,१०,००० डॉलर, एक लहान मूल, आणि डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाचा पगार-कराचा दाखला) प्रमाणे पगारातून कापलेला फेडरल कर ९,१०० डॉलर. आधी फक्त पगार धरला. ३१,५०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन वजा जाता ७८,५०० उरतात आणि त्यावर आयकर ८,९४३ होतो. मुलाचं २,२०० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे थेट करातून मिळणारी सूट, वजा केलं की ६,७४३. म्हणजे रिफंड २,३५७ डॉलर.

मग बायकोच्या चित्रकलेच्या शिकवण्या धरल्या. जमा ३२,०००, खोलीचं भाडं, रंग-कागद, वेबसाइट वगैरे खर्च ८,०००, आणि शेड्यूल सीवर (रिटर्नसोबतचं व्यवसायाच्या जमाखर्चाचं जोडपत्र) निव्वळ नफा २४,०००. त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर, म्हणजे २२,१६४ डॉलरवर, १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो: ३,३९१ डॉलर. त्यातला निम्मा, १,६९६, उत्पन्नातून वजा होतो. राहिलेल्या २२,३०४ च्या २० टक्के, म्हणजे ४,४६१ डॉलर, पात्र व्यवसाय उत्पन्नाची वजावट म्हणून फॉर्म ८९९५ वर मिळतात. करपात्र रक्कम ९६,३४३ आणि आयकर ११,०८४. (टॅक्स टेबल पाहिलं तर दोन-तीन डॉलरचा फरक पडतो.) मुलाचं क्रेडिट वजा करून ८,८८४, त्यात स्वयंरोजगार कराचे ३,३९१ मिळवले की एकूण १२,२७५. पगारातून कापले गेले आहेत तेवढेच ९,१००. म्हणून ३,१७५ डॉलर भरायचे.

इथे तुम्ही थांबून जे दाखवलंत, ते आता आम्ही प्रत्येकाला दाखवतो. २०२५ मध्ये एकत्र रिटर्नवर १२ टक्क्यांचा टप्पा ९६,९५० पर्यंत आहे. हे जोडपं त्याच्या आतच आहे. स्लॅब बदललेलाच नाही! रिफंडपासून देण्यापर्यंत ५,५३२ डॉलरचा जो फरक पडला, त्यातला आयकराचा वाटा २,१४१ आणि स्वयंरोजगार कराचा ३,३९१. म्हणजे मोठा भाग सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांचा आहे. नोकरीत त्याचा अर्धा मालक भरतो आणि अर्धा पगारातून कापला जातो, त्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही. व्यवसायात दोन्ही अर्धे तिचेच. शिवाय तिच्या कमाईतून वर्षभर कोणी एक डॉलरही कापलेला नसतो, त्यामुळे सगळा भार त्याच्या पगारातून कापलेल्या रकमेवर येऊन पडतो. कर वाढला आहे, पण धक्का बसतो तो कर आधी न भरल्याचा.

मुलाचं क्रेडिट या कराला का लागत नाही, हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जायचा. त्या क्रेडिटचा परत न मिळणारा भाग फक्त आयकर कमी करतो. स्वयंरोजगार कर शेड्यूल २ या जोडपत्रावरून नंतर मिळवला जातो, तिथपर्यंत तो पोहोचतच नाही.

दुसऱ्या वर्षाबद्दल तुम्ही दिलेला इशारा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी देणं निघालं तरी सहसा दंड लागत नाही, कारण पगारातून कापलेली रक्कम आदल्या वर्षीच्या एकूण कराएवढी भरते. (आदल्या वर्षीचं समायोजित उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल, तर ११० टक्के लागते.) माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या वर्षी मात्र आदल्या वर्षीचा कर म्हणून हे १२,२७५ समोर उभे असतात आणि पगारातून कापले जातात पूर्वीइतकेच. चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्केही भरलेले नसतील आणि देणं १,००० डॉलर किंवा अधिक असेल, तर कमी भरण्याचा दंड लागतो.

यावर सगळे १०४०-ईएसचे, म्हणजे आगाऊ कराचे, चार हप्ते सांगतात: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची १५ जानेवारी. तुम्ही सोपा रस्ता दाखवलात. नवऱ्याने नोकरीत नवा डब्ल्यू-४ (पगारातून किती कर कापायचा हे सांगणारा फॉर्म) द्यायचा आणि ४(सी) या रकान्यात, म्हणजे जादा कपातीच्या ओळीत, रक्कम घालायची. वर्षाला २६ पगार असतील, तर ३,१७५ भागिले २६, म्हणजे दर पगाराला साधारण १२३ डॉलर. सप्टेंबरमध्ये जाग आली आणि आठच पगार उरले असले, तर ३९७. पगारातून कापलेला कर वर्षभर समान भरला असं धरलं जातं, त्यामुळे उशिरा वाढवलेली कपातही आधीच्या तिमाह्या भरून काढते. उशिरा भरलेल्या हप्त्याला ही सवलत नाही. ही एक गोष्ट ठाऊक झाल्याने कितीतरी घरांचा दंड वाचला.

खर्चाच्या बाबतीत तुम्ही कडक राहिलात, याचेही आभार. ‘थोडे जास्त दाखवू, नफा शून्यावर आणू’ असं म्हणणाऱ्यांना तुम्ही प्रामाणिकपणाच्या गोष्टी ऐकवल्या नाहीत, परिणाम दाखवलेत. पाळणाघराचं क्रेडिट दोघांपैकी ज्याची कमाई कमी, त्याच्या कमाईच्या मर्यादेत मिळतं. तिची कमाई शून्य दाखवली, तर क्रेडिटही शून्य. नफा ४०० डॉलरच्या खाली गेला, तर स्वयंरोजगार कर सुटतो खरा, पण तिच्या सोशल सिक्युरिटी खात्यात काहीच जमा होत नाही. आणि न्यू जर्सीच्या रिटर्नवर व्यवसायातला तोटा पगारातून वजा होतच नाही, म्हणजे राज्याच्या करात तरी त्या तोट्याचा त्याच्या पगाराला उपयोग नाही.

ज्यावर आपला हक्क आहे ते मात्र सोडू नका, असं तुम्ही बजावलंत. घरातली फक्त कामासाठी वापरली जाणारी जागा सोप्या पद्धतीने दर चौरस फुटाला ५ डॉलर, कमाल ३०० चौरस फूट. कामासाठी गाडी चालवली तर २०२५ मध्ये मैलाला ७० सेंट, पण तारीख आणि कारण लिहिलेली वही हवी. एक वजावट मात्र लोक चुकून घेतात: स्वतःच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याची. नवऱ्याच्या कंपनीच्या अनुदानित योजनेत सामील होण्याची तिला सोय असेल, तर त्या महिन्यांसाठी ती मिळत नाही, मग ती त्या योजनेत असो वा नसो. सेप-आयआरए या निवृत्तीसाठीच्या बचत खात्याबद्दलही तुम्ही नीट आकडा दिलात. या उदाहरणात त्यात ४,४६१ डॉलरपर्यंत टाकता येतात, पण आयकर वाचतो सुमारे ४२८ डॉलर, कारण २० टक्क्यांची वजावटही त्या प्रमाणात घटते. स्वयंरोजगार कर तर जराही कमी होत नाही.

‘मग दोघांनी वेगवेगळं रिटर्न भरलं तर?’ याचं तुमचं उत्तर थोडक्यात होतं. स्वयंरोजगार कर तेवढाच राहतो आणि पाळणाघराचं क्रेडिट बहुधा जातं. एकत्र रिटर्नवर दोघांच्या सह्या असतात आणि संपूर्ण कराला दोघंही जबाबदार असतात, म्हणून नवऱ्याने शेड्यूल सी वाचल्याशिवाय सही करू नये, हे तुम्ही प्रत्येकाला सांगितलंत. एकत्र भरल्यावर मुदत उलटली की वेगळं करता येत नाही. वेगळं भरलेलं मात्र साधारण तीन वर्षांत एकत्र करता येतं.

एच-४ वर (एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या मुलींना तुमचा पहिला प्रश्न कराचा नसायचा, ईएडी, म्हणजे काम करण्याच्या परवान्याचं कार्ड, हातात आहे का हा असायचा. ते कार्ड नसेल तर काम सुरू करायचं नाही, आणि असेल तर स्वतःचा व्यवसायही चालतो, हे २०१५ च्या नियमाच्या आधारे तुम्ही स्पष्ट केलंत.

आणि त्या ३,३९१ डॉलरची दुसरी बाजू तुम्ही दाखवलीत, त्याबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत. रिटर्न एकत्र असलं, तरी शेड्यूल एसई (स्वयंरोजगार कराचं जोडपत्र) तिच्या एकटीच्या नावाने आणि तिच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर भरायचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये शेड्यूल सी चुकून नवऱ्याच्या नावाखाली गेलं, तर कराचा आकडा सहसा तोच येतो, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षात येत नाही, पण जमा त्याच्या खात्यात होते. २०२५ मध्ये दर १,८१० डॉलर कमाईला सोशल सिक्युरिटीचं एक क्रेडिट (पेन्शनच्या पात्रतेचा गुण, करातली सूट नव्हे), वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे ७,२४० डॉलरला चारही पूर्ण. स्वतःच्या पेन्शनसाठी ४० लागतात. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे भारतात केलेल्या नोकरीची वर्षं इथे जोडता येत नाहीत. ही ४० तिला इथेच, स्वतःच्या कमाईवर मिळवावी लागतात. तुम्ही हे सांगितल्यापासून आमच्याकडे रिटर्न पाठवण्याआधी शेड्यूल एसईवरचं नाव आणि नंबर दोघं मिळून तपासतात.

२०२६ मध्ये दिलेल्या पैशांसाठी १०९९-एनईसीची (काम देणाऱ्याने दिलेल्या मोबदल्याची नोंद करणारा फॉर्म) मर्यादा ६०० वरून २,००० डॉलर झाली आहे. फॉर्म आला नाही तरी मिळकत दाखवायचीच, हे तुमचं वाक्य या वेळी आम्ही आधीच सगळ्यांना कळवून ठेवलं आहे. फेब्रुवारीत भेटूच, वह्या तयार असतील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यू जर्सीतली मराठी कुटुंबं