खोक्यावरचे ३३०

वाई, रविवार

प्रिय बापू,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा आहे तसाच, माझी साखर आटोक्यात. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला पुरं सांगायचंय. इथे ज्याला सांगावं तो म्हणतो, "बाणाचा वेग कमी पडतोय तर वाढवा की सर, त्यात काय!" त्यात काय ते तुलाच माहीत आहे.

ती गॅरेजवाल्यांची श्रावणी आठवते ना? दिवाळीत तू आलास तेव्हा तुझ्या रिलीजला, त्या स्ट्रिंग सोडायच्या चापाला, हात लावला म्हणून जिच्यावर ओरडला होतास, तीच. आता चौदावं लागलंय. २०२३ला बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली, तिथेच नागपूरच्या ओजस देवतळेनं फायनलला १५० पैकी १५० मारले, तेव्हापासून आपल्याकडे बापमंडळी स्वतः पोरांना हाताला धरून मैदानावर आणतात. त्यात आता २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची, मिश्र दुहेरी आली. श्रावणीच्या वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि पोरीला परदेशी कंपाउंड आणून दिला. धनुष्य झकास आहे, खोटं कशाला बोलू. कॅमची चाकं लोण्यासारखी फिरतात. पण खोक्यावर ठळक आकड्यात लिहिलंय, ३३० एफपीएस, म्हणजे बाण सेकंदाला ३३० फूट. सगळं रामायण त्या आकड्यापासून सुरू झालं.

कुणीतरी त्यांना सांगितलं की सरांकडे वेग मोजायचं यंत्र आहे. म्हणजे आपला क्रोनोग्राफ, अजून चालतो. आधी हॉलमध्येच लावला, बाहेर ऊन रणरणत होतं. पहिल्याच बाणाला ३०८! त्यांचा चेहरा फुलला. पुढच्याला १९१. मग माझ्या लक्षात आलं की ट्यूबलाइट चालू आहेत. सेन्सरला बाणाची सावली लागते आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, त्याला सावली कुठली आणि लुकलुक कुठली कळणार कसं? संध्याकाळी बाहेर मांडला, वर पांढरा कागद ताणला, धनुष्यापासून हातभर पुढे ठेवला आणि बाण दोन्ही सेन्सरवरून सरळ जाईल असा बघून घेतला. मग आकडा ठरला. २४३, २४४, २४४. पोरगी मारत होती सुरेख, जवळजवळ एकाच भोकात. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वडील त्या छोट्या पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "शहाऐंशी फूट कुठे गेले?"

बापू, मी त्यांना सगळा हिशोब मांडून दाखवला. बो-स्केलला लावून ताण मोजला, ४२ पाउंड. ड्रॉ लेंथ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर मुठीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, २६ इंच. बाण सोनाराच्या काट्यावर नेऊन तोलला, १९.४४ ग्रॅम, म्हणजे ३०० ग्रेन. खोक्यावरचा आकडा येतो तो ७० पाउंडांचा ताण, ३० इंचांचा ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा बाण धरून. वर स्ट्रिंग उघडी, ना पीपचं नेमाचं भोक, ना रिलीज अडकवायचा डी-लूपचा फास, आणि ओढायला माणूस नव्हे, यंत्र. आता आपला जुना ठोकताळा लाव. ड्रॉ चार इंच कमी, इंचाला दहा फूट, गेले ४०. ताण २८ पाउंड कमी, पाउंडाला दोन, गेले ५६. बाण ५० ग्रेन हलका, तीन ग्रेनला एक फूट, परत आले सतरा-एक. पीप आणि डी-लूपचं वजन स्ट्रिंगवर, गेले पाच-सहा. उरले २४५! मोजले २४४! मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं. एवढं प्रामाणिक धनुष्य मी क्वचित पाहिलंय. कंपनीनं एक फूटही लपवलेला नाही, तो आकडा फक्त श्रावणीच्या अंगाचा नाही.

आणि गंमत बघ, जागतिक स्पर्धेत कंपाउंडला ६० पाउंडांच्या वर परवानगीच नाही. म्हणजे ज्या ७० पाउंडांवर तो आकडा छापलाय, त्या ७०वर ती पुढे कधी जगज्जेती झाली तरी उभी राहू शकणार नाही. धनुष्य बनवणाऱ्यांच्या एएमओ संघटनेची वेग मोजायची पूर्वीची पद्धत तुला आठवत असेल, ६० पाउंड आणि तब्बल ५४० ग्रेनचा बाण. त्या बाणावर आकडे कसे मवाळ यायचे! मग पाउंडामागे पाच ग्रेनचा हलका बाण रूढ झाला आणि तीच धनुष्यं कागदावर पळायला लागली.

त्यांना पटावं म्हणून मी त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं. म्हटलं, कंपनी गाडीचं अ‍ॅव्हरेज सत्तर सांगते, तुमच्या गिऱ्हाइकाला पन्नास पडतं, तुम्हीच त्याला समजावता ना? तर म्हणाले, "समजावतो. पण मग सेटिंग करून साठावर आणून देतो, सर. तुम्ही पण सेटिंग करा." यावर मला चटकन उत्तर सुचलं नाही. माणूस वाईट नाही रे. रात्री नऊपर्यंत हात काळे करतो, हप्ता भरतो, आणि विकत घेतलेल्या वस्तूतून छापलेलं पुरतं मिळावं एवढंच त्याला वाटतं.

त्यांचं सेटिंग म्हणजे काय, तर लिंबचे, धनुष्याच्या पात्यांचे, बोल्ट पूर्ण आवळून ५० पाउंड करायचे आणि कॅमवरचं मॉड्यूल बदलून ड्रॉ एक इंच वाढवायचा. पाना तर त्यांच्या खिशातच असतो. वाढून वाढून पंचवीस-तीस फूट वाढतील, ३३० तरीही येणार नाहीत. आणि त्यासाठी पोरीचा उजवा हात जबड्याच्या मागे जाईल, डावा खांदा कानाला लागेल, ती पाठ मागे टाकून ओढायला लागेल. हे कुणाचं वर्णन आहे ते तुला सांगायला नको.

मी पन्नास मीटरचाही हिशोब मांडला. २४४ला बाण साधारण ०.६७ सेकंदात पोचतो, त्यांचं सेटिंग करून २७० धरले तर ०.६१. शिकाऱ्याला तो फरक लागतो, कबूल. हरीण किती लांब उभंय ते त्याला नक्की ठाऊक नसतं, बाण जितका सपाट जाईल तितकी अंदाजाची चूक झाकली जाते. कंपाउंडचा जन्मच अमेरिकेतल्या शिकारीच्या हौसेतून झाला, आकडेही त्याच बाजारासाठी छापले जातात. आपलं टार्गेट मात्र दर रविवारी पन्नास मीटरवरच उभं असतं. नेमाची साइट एकदा लावली की लावली. मधलं दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, तिथे पोचायला पोरीचा हात स्थिर हवा. वाऱ्यात थोडा फायदा होतो म्हणशील. होतो. पण बोटं थरथरली तर वारा नसला तरी सात लागतो.

इथे तू म्हणणार, "वेग तो वेग." म्हण. ब्रेस हाइट, म्हणजे न ओढलेल्या स्ट्रिंगचं मुठीपासूनचं अंतर, सहा इंच की सात, यावरून आपण अख्खा उन्हाळा बोललो नव्हतो आणि निरोप वहिनी पोचवत होती. मी अजून सातवरच आहे. ब्रेस कमी तर स्ट्रिंग बाणाला जास्त वेळ ढकलते, आणि जितका जास्त वेळ ढकलते तितका वेग वाढतो, पण हाताची थरथरही तितकाच जास्त वेळ बाणात शिरते. तू सहा घेतलास, वर साठ पाउंड, आणि सगळ्या अमरावतीला दाखवलंस की तुझा बाण सगळ्यात आधी पोचतो. पोचत होताच. दृष्ट लागावी असा सुटायचा.

ती दुपार आपण दोघांनी कधी बोलून दाखवलेली नाही. तू अर्धा ओढून बाण खाली उतरवलास, आणि पाण्याची बाटली उचलायला डावा हात पुढे केलास तो वर आलाच नाही. डॉक्टरनं काय सांगितलं, नंतर धनुष्य कुणाला दिलंस, ते सगळं मला माहीत आहे. तरी मी विषय काढला नाही. आज काढतोय, कारण वेगाचं माझ्याकडून त्यांना ऐकायचंच नाही. मी सर. सर सावकाशच सांगणार, असं त्यांनी धरून ठेवलंय. दुसऱ्या एका मैदानावर चौकशीही करून आलेत म्हणे, तिथे "सहज वाढवून देऊ" म्हणाले. पोरगी गेली तर माझं मैदान काही बंद पडणार नाही. पण इतकी स्वच्छ ओढणारी पोर माझ्याकडे पूर्वी आलेली नाही, आणि तिच्या खांद्याशी कुणी पाना घेऊन उभं राहावं हे मला सहन होत नाही. ती अजून उंच होतेय. हाडं वाढतील तसा ड्रॉ वाढेल, दर इंचाला दहा फूट आपसूक येतील. थोडी वर्षं थांबायचं आहे, बस.

तुझी बदली झाली का रे? सोनूचं ॲडमिशन कुठे झालं? वहिनीला सांग, कुरडया मिळाल्या, निम्म्या मी तळायच्या आधीच संपल्या. तू नवीन घराचे फोटो पाठवले होतेस, बाल्कनी छान आहे, पण तिथे तुळस कुठे दिसली नाही.

तर माझं मागणं असं. त्यांचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. गॅरेज रात्री नवाला आवरतं, सोमवारी बंद असतं. तू फोन कर. हिशोब सांगू नकोस, तो मी सांगितलाय. साठ पाउंडांचं सांग, अमरावतीचं सांग, आणि आता सोनूला उचलून घेताना कुठला हात वापरतोस ते सांग. जमणार नसेल तर तसं स्पष्ट कळव, मी रागावणार नाही. पण या महिन्यात कळव, मॉड्यूलची ऑर्डर द्यायची ते म्हणत होते.

तुझा,
दिन्या