मुक्ताला, सीसीएनपीच्या तयारीविषयी

नाशिक, रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सीसीएनपी एंटरप्राइझ या सिस्कोच्या नेटवर्किंगमधल्या प्रमाणपत्राच्या तयारीसाठी शनिवार-रविवारचा क्लास लावावा, व्हिडिओंची वर्षभराची वर्गणी भरावी, की सिस्को प्रेसचे अधिकृत पुस्तक घेऊन स्वतःच अभ्यास करावा, असे तू विचारलेस. फोनवर घाईने काहीतरी सांगितले असते, म्हणून सावकाश लिहीत आहे.

पैसे कुठेही भरण्याआधी ३५०-४०१ एनकोर या पहिल्या पेपरचे विषयपत्रक सिस्कोच्या संकेतस्थळावरून उतरवून घे आणि छापून भिंतीवर लाव. परीक्षेचा क्रमांक तोच राहतो, पण आतली आवृत्ती बदलते. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १.० ची १.१ झाली, तेव्हा जुनी पुस्तके स्वस्तात विकत घेणाऱ्यांची बरीच पंचाईत झाली. त्यामुळे पुस्तक असो वा व्हिडिओ, ते कोणत्या आवृत्तीसाठी तयार केले आहे, हे आधी पाहा. त्या पत्रकातील क्रियापदेही नीट वाच. जिथे ‘समजावून सांगा’ असे आहे तिथे वाचन पुरेल. जिथे ‘कॉन्फिगर करा’ किंवा ‘दोष शोधा’ असे आहे तिथे हात चालवल्यावाचून गत्यंतर नाही.

तू ज्या क्लासची जाहिरात पाठवलीस, तिच्यात ‘१०० टक्के उत्तीर्ण होण्याची हमी’ असे ठळक लिहिले आहे. हे वाक्य मला खुपते, आणि त्याचे कारण तुला आजवर सांगितलेले नाही. २०१२ साली सीसीएनपीचे राउट, स्विच आणि टीशूट असे तीन पेपर असत. मी ज्या क्लासला जात होतो, तिथे शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला प्रश्नोत्तरांची एक फाइल मिळाली. ती मी घोकली आणि राउटचा पेपर चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालो. त्यानंतर दोनच महिन्यांनी एका ग्राहकाच्या दोन शाखांमधले ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत, जुळेना. पिंग जात होते, दोन्ही राउटरना एकमेकांचे ओळखीचे हॅलो संदेश मिळत होते, तरी शेजाऱ्यांची यादी काढली की दर वेळी ‘एक्सस्टार्ट’ हाच शब्द, म्हणजे देवाणघेवाण सुरू होण्याआधीचीच पायरी, समोर येई. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत मी केबल, पासवर्ड, एरिया क्रमांक, सगळे तपासले. अखेर एका वरिष्ठ सहकाऱ्याने फोनवरून एकच प्रश्न विचारला, “दोन्हीकडचा एमटीयू पाहिलास का?” एकीकडे १५०० होता, दुसरीकडे १४००.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. हा आकडा हॅलो पॅकेटमध्ये नसतो. तो पुढच्या टप्प्यातल्या डेटाबेस-वर्णनाच्या पॅकेटमध्ये असतो, म्हणून ओळख होते आणि देवाणघेवाण तिथेच अडते. हे त्या फाइलमध्येही असेल कदाचित, पण ‘पर्याय ब’ म्हणून. शिवाय अशा फाइली वापरणे हा परीक्षेच्या वेळी आपण मान्य केलेल्या कराराचा भंग आहे आणि त्यापायी प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. माझे झाले नाही, पण ते प्रमाणपत्र मी कधी अभिमानाने दाखवू शकलो नाही.

म्हणून लॅबवर सर्वांत जास्त खर्च कर, पैशाचाही आणि वेळेचाही. सीसीएनए या आधीच्या पायरीच्या परीक्षेला तुला पॅकेट ट्रेसर हे सरावाचे सॉफ्टवेअर पुरले, पण त्यात बऱ्याच आज्ञा चालतच नाहीत. संगणकावरच राउटर उभे करणाऱ्या सिस्को मॉडेलिंग लॅब्जची मोफत आवृत्ती पाच उपकरणांपर्यंत चालते, आणि ओएसपीएफ किंवा बीजीपी या दुसऱ्या अशाच पद्धतीचा एखादा दोष उभा करायला पाच राउटर पुष्कळ झाले. जीएनएस३ आणि ईव्ह-एनजी ही अशीच सॉफ्टवेअर उत्तम आहेत, पण त्यांच्यासोबत सिस्कोच्या इमेज, म्हणजे राउटरची सॉफ्टवेअर, मिळत नाहीत, आणि त्या कुठून तरी उतरवून घेणे मला पटत नाही. प्रत्येक विषय झाला की जाळे आधी नीट चालू कर, मग स्वतःच्या हाताने एक गोष्ट बिघडव आणि काय दिसते ते वहीत लिहून ठेव. पहिला प्रयोग एमटीयूचाच कर.

पुस्तक अवश्य घे. व्हिडिओंची वर्गणी महिन्यापुरतीच घे, कारण पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि रविवार निघून जातो. क्लास लावायचाच असेल, तर शिक्षकांना दोन गोष्टी विचार: विद्यार्थ्याचे हात कीबोर्डवर किती तास असतात, आणि ते स्वतः बिघडवलेले जाळे दुरुस्त करायला देतात का. उत्तरात हमीच पुन्हा ऐकू आली, तर उठून ये.

परीक्षा १२० मिनिटांची आहे, पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही, आणि आज्ञा देऊन सोडवायचे लॅबचे प्रश्नही असतात. शुल्क ४०० डॉलर, कर वेगळा. त्यानंतरच्या एनार्सी या दुसऱ्या पेपरचे ३०० डॉलर. दोन्हींची तारीख एकदम घेऊ नकोस. एनकोरचे शुल्क मी भरतो, पण तारीख तू तुझी वही निम्मी भरल्यावर घे.

लॅपटॉपची रॅम १६ जीबी करून घे, त्याचे पैसे आजच पाठवतो. एक्सस्टार्टचा प्रयोग झाला की दोन्ही राउटरवर काय दिसले, ते मला लिहून पाठव. दोन्ही बाजूंना एकच शब्द दिसतो का, हे मुद्दाम बघ.

तुझे
बाबा