अंतराळवीरांची प्रतिकारशक्ती आणि आईची नागीण

कोलोन, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अंतराळवीर शुभांशु शुक्लांसारख्या पारखून निवडलेल्या धडधाकट माणसाला उड्डाणाआधी इतके दिवस विलगीकरणात कशासाठी ठेवले, असे तुम्ही फोनवर विचारलेत. प्रश्न माझ्या कामाच्या इतका जवळचा आहे की दोन वाक्यांत उत्तर देणे मला पटेना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ही पद्धत अपोलो मोहिमांच्या अनुभवातून आली. १९६८ मध्ये अपोलो ७ चे कमांडर वॉल्टर शिरा कक्षेत असतानाच सर्दीने बेजार झाले आणि १९७० मध्ये अपोलो १३ वरील फ्रेड हेज यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. एकूण २९ अपोलोवीरांपैकी १५ जणांना मोहिमेत किंवा परतल्यावर आठवडाभरात कसला ना कसला संसर्ग झाला होता. त्यामुळे अपोलो १४ पासून उड्डाणाआधी तीन आठवडे वेगळे राहण्याचा नियम झाला.

विलगीकरणाने बाहेरचे जंतू अडतात. शरीरात आधीपासून मुक्काम करून असलेले मात्र अडत नाहीत, आणि मला महत्त्वाचा वाटतो तो भाग इथेच सुरू होतो. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये निपचित पडून राहतो आणि टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, त्याला आयुष्यभर दाबून धरतात. त्यांची पकड सैल झाली आणि तो पुन्हा उठला, की नागीण होते. सतीश मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, स्पेस शटलच्या छोट्या मोहिमांवरील ८९ पैकी ४७ आणि अंतराळ स्थानकावर राहिलेल्या २३ पैकी १४ अंतराळवीरांच्या लाळेत किंवा लघवीत याच कुळातले, म्हणजे हर्पिस कुळातले विषाणू पुन्हा जागे झालेले आढळले. प्रत्यक्ष लक्षणे मोजक्या सहा जणांनाच दिसली, हे खरे. पण स्थानकावरून परतलेल्यांपैकी काहींच्या लाळेत हे विषाणू उतरल्यानंतर महिनाभरापर्यंत सापडत होते.

असे का होते, याचे एकच एक कारण नाही. ताण आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन सोडते. तो थोडा वेळ राहिला तर उपकारक ठरतो, पण महिनोन्‌महिने चढा राहिला तर टी-पेशींना आणि विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या एनके पेशींना मंद करतो. स्थानकावर दिवसाला सोळा सूर्योदय, जेमतेम सहा तास झोप, पंख्यांची अखंड घरघर आणि शिवाय किरणोत्सर्ग. वजनविरहित अवस्थेचाही यात स्वतंत्र वाटा असावा, कारण १९८३ मध्ये शटलमधल्या स्पेसलॅब या प्रयोगशाळेत नेलेल्या मानवी लिम्फोसाइट पेशींना (टी-पेशी याच गटातल्या) चेतवूनही त्या जवळजवळ वाढल्याच नाहीत, आणि नुसत्या पेशींना तर मानसिक ताण असण्याचा प्रश्नच नव्हता.

हे धागे सोडवण्यासाठीच इथे जमिनीवर प्रयोग होतात. वजनविरहित अवस्थेची नक्कल म्हणून स्वयंसेवक डोक्याकडची बाजू सहा अंश खाली असलेल्या पलंगावर साठ दिवस पडून राहतात. जेवण आणि अंघोळसुद्धा आडवे राहूनच. आमच्या प्रयोगशाळेत त्यांची लाळ तपासायला येते. सकाळी डोळे उघडताच, दात घासण्याआधी, त्यांनी कापसाची छोटी सुरळी तोंडात धरून भिजवायची, नळीत टाकायची आणि नळीवर अचूक वेळ लिहायची. जाग आल्यापासून अर्ध्या तासात कॉर्टिसॉल आपोआप बराच चढतो, त्यामुळे वेळेत दहा मिनिटांचा फरक पडला तरी तो नमुना इतरांशी ताडून पाहता येत नाही.

बाबा, हे सारे लिहिताना आईची नागीण सतत मनात होती. आजीच्या आजारपणात आईने परळच्या त्या वॉर्डात किती रात्री जागून काढल्या, हे तुम्ही पाहिले आहे. साठीनंतर नागिणीचा धोका वयामुळेच वाढतो, त्यात ती जागरणे. तरीही ‘मी तब्येतीकडे लक्ष दिले नाही’ असे ती अजून म्हणते, ते मला सहन होत नाही. ज्यांच्या आहाराची, झोपेची आणि व्यायामाची चोवीस तास काळजी घेतली जाते, त्या अंतराळवीरांच्याही शरीरात हाच विषाणू उठतो, हे तिला माझ्या नावाने नक्की सांगा. आणि नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो, असे चाळीतल्या काकू म्हणत होत्या, ती भीतीही काढून टाका. विषाणू सहसा एकाच बाजूच्या एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो, म्हणून पुरळ बहुधा शरीराच्या मध्यरेषेशीच थांबते.

शुक्ला स्थानकावर १८ दिवस राहिले. सुनीता विल्यम्स २८६ दिवस अंतराळात होत्या. मंगळावर जाऊन यायला तर सुमारे तीन वर्षे लागतील. सहा महिन्यांच्या मुक्कामातही टी-पेशींची मंदी आपोआप सरत नाही असे दिसले आहे, त्यामुळे उड्डाणाआधीचे लसीकरण आणि रोजचा दोन तासांचा व्यायाम यांवर भर आहे. अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली यांना कक्षेत असताना फ्लूची लस दिली, तेव्हा तिला शरीराने चांगला प्रतिसाद दिला, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

नागिणीची लस आता भारतातही मिळते. पन्नाशीपुढच्यांना ती दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा देतात, आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही घेता येते. आईसाठी आणि तुमच्यासाठीही डॉक्टरांना या महिन्यातच विचारा आणि ते काय म्हणतात ते मला कळवा.

आईला आणि आजीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
मधुरा